बोलणाऱ्याशेजारी बसून

कळसाडी, ता. शहादा

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज

धाकटा दुसरीत आहे. सुट्टीचा अभ्यास म्हणून त्याला रोज एक पान शुद्धलेखन काढायचंय. पुस्तकातला उतारा पाहून पाहून उतरवायचा, वर तारीख घालायची, झालं. आज नणंदेची मुलं सुरतहून आली, घर भरून गेलं, तरी दुपारी ओट्याच्या कोपऱ्यात बसून त्याने ते पान संपवलं. अक्षर सुरेख, ओळी सरळ. उताऱ्यात काय होतं म्हणून विचारलं तर एक वाक्य सांगता येईना.

हे मला फार दिवसांपासून सलतंय. अक्षर चांगलं असावं, त्याबद्दल वाद नाही. पण लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं उतरवून काढणं असं मूल पहिल्यापासून धरून चाललं, तर त्याला स्वतःचं काही लिहावंसं कधी वाटणार? थोरली सहावीत आहे. निबंध म्हटला की तिचा पहिला प्रश्न ‘कशातून घेऊ?’ असा असतो. घरात दिवसभर जिची बडबड थांबत नाही, तिला कागदापुढे एक वाक्य सुचत नाही.

भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ कपाटातून पुन्हा काढलं. त्यातले लक्ष्मीराम मास्तर चौथीच्या वर्गावर जातात आणि अभ्यासक्रम बाजूला ठेवून गोष्ट सांगायला बसतात. पोरं गोंधळ घालणारी. पण गोष्ट ऐकायची तर गप्प बसावं लागतं, पुढचं कळायला हवं तर पुस्तक उघडावं लागतं. वरच्या अधिकाऱ्यांना ते पटवून देता देता मास्तरांचा घाम निघतो, तेही गिजुभाईंनी लपवलेलं नाही. आपल्याकडे गुजरात इतकं जवळ, लग्नसंबंध तिकडे, बाजार तिकडे, आणि हे पुस्तक मात्र शिक्षकांच्या घरांपलीकडे फारसं पोचलेलं नाही.

रात्री ओवाळणी झाल्यावर ओट्यावर सगळ्यांना एक गोष्ट वाचून दाखवली. सुरतेची मुलं गुजराती माध्यमातली, मराठी वाचताना अडखळतात. ऐकताना कुणीच अडखळलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

कापसाची वेचणी चालू. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, ज्याची त्याची गाठोडी त्यावर चढतात, आमचे हे वजन पुकारतात आणि कुणीतरी वहीत मांडतं. आज वही थोरलीकडे दिली. नाव, त्यापुढे किलो. एका बाईने वहीवर बोट ठेवून विचारलं, ‘माझं कुठे लिहिलं, दाखव.’ पोरीने नाव वाचलं, आकडा वाचला, बाईने मान हलवली आणि पुढची आली.

घरी येताना थोरली गंभीर होती. आकडा चुकला असता तर त्या बाईची मजुरी बुडाली असती, हे तिने आपणहून बोलून दाखवलं. गुण कापले जातील म्हणून नीट लिहिणं आणि समोरच्या माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून नीट लिहिणं यातला फरक तिला आज बांधावर समजला. उद्यापासून वही तिचीच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

‘किशोर’चा दिवाळी अंक अखेर हाती आला. बालभारतीने हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू केलं, वसंत शिरवाडकर पहिले संपादक. तेव्हापासून खेड्यापाड्यांत छापील गोष्ट पोचवण्याचं जेवढं काम या एका मासिकाने केलं, तेवढं क्वचितच कुणी केलं असेल. जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. मोबाइल मुलांच्या हातून सुटतच नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी हे सांगते. त्याच मोबाइलवर ऐंशी सालचा एखादा अंक उघडावा आणि शेजारी बसावं. शेजारी बसणं महत्त्वाचं.

अंक आला तसा थोरलीने पळवला. तिला वाचता येतं, म्हणून तिला वाचून दाखवायचं मी दोन वर्षांपूर्वी थांबवणार होते. नाही थांबवलं, हे फार बरं झालं. मूल वाचायला लागलं की घरातली मोठी माणसं वाचून दाखवणं बंद करतात. मुलाला वाटतं, वाचायला शिकलो आणि आईच्या कुशीतली गोष्ट गेली. ही शिक्षा कशाला?

माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’ची छोटी पुस्तकं धाकट्याची पाठ आहेत. त्यांत काहीच विशेष घडत नाही. आई असते, बाबा असतात, आजी असते. त्या घरात जे रोज होतं तेच. आणि मुलाला तेच पुन्हा पुन्हा हवं असतं. ‘वाचू आनंदे’चे भागही त्यांनीच संपादित केलेले, थोरलीला एकेक उतारा जमेल तसा देते. त्यांत वेगवेगळ्या लेखकांचं चांगलं मराठी गद्य आहे आणि जोडीला उत्तम चित्रं. मुलांसाठी म्हणून पातळ केलेली भाषा पुरंदरे कधी वापरत नाहीत, म्हणून त्यांच्यावर माझा जीव.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. शाळेला सुट्टी. दोन आठवडे गावात कागदांचा पाऊस होता. घरात आलेलं एकही पत्रक धाकट्याने वाचल्याशिवाय सोडलं नाही. ‘प्रचंड’, ‘बहुमताने’, ‘आपला नम्र’ असले शब्द शाळेच्या पुस्तकात त्याला अडवतात. पत्रकावर तो ते धडाधड वाचतो. युरियाच्या गोणीवरचं, बियाण्याच्या पाकिटावरचं, एसटीच्या पाटीवरचं वाचतो. ‘दोंडाईचा’ वाचायला तो एसटीच्या पाटीवर शिकला.

न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेची आठवण झाली. माओरी मुलांच्या शाळेत त्या शिकवत. सरकारी वाचनपुस्तकातली गोऱ्या घरांची गोड वाक्यं त्या मुलांच्या गळी उतरत नव्हती. मग बाईंनी रोज सकाळी एकेका मुलाला विचारायला सुरुवात केली: आज तुला कोणता शब्द हवा? मूल जो सांगेल तो जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. मुलांनी मागितले ते भीतीचे आणि मायेचे शब्द, घरातल्या माणसांचे, भांडणाचे, भुतांचे. ते शब्द मुलं एका नजरेत शिकली. १९६३ साली त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक निघालं. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाने ते वाचावं असं मला वाटतं. इथेही मुलाच्या घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

धाकट्याला विचारलं, आज कोणता शब्द हवा. म्हणाला, ‘बिबट्या.’ उसाच्या फडात दिसला अशी गावात चर्चा आहे. कार्ड उशाखाली घेऊन झोपला.

३ डिसेंबर, मंगळवार

आज बहिणाबाईंची पुण्यतिथी. १९५१ साली त्या गेल्या. शाळेत थोरलीला त्यांच्यावर चार वाक्यं बोलायची होती, म्हणून सकाळी चुलीपुढे बसून मी तिला सांगत होते. असोद्याची मुलगी, जळगावच्या चौधरींकडे दिलेली, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात बोलता बोलता गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने ती वेळोवेळी टिपून ठेवली. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं.

सासूबाई भाकर थापता थापता ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘पोऱ्याने लिहिलं म्हणून राहिलं.’

दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं. आपण बहिणाबाईंची प्रतिभा सांगतो, आणि ती सांगावीच. पण एका घरात आई बोलते आहे आणि मुलगा शेजारी बसून लिहितो आहे, एवढी सोय झाली नसती तर आज काय उरलं असतं? आपल्या खानदेशात किती बाया बोलून गेल्या, आणि शेजारी लिहिणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी धाकट्याच्या हाती कोरी वही दिली आणि सांगितलं, आजी दुष्काळाचं सांगणार आहे, तू लिही. सासूबाईंना मी आधी तयार केलं होतं. १९७२ साली त्या बारा-तेरा वर्षांच्या. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळे, तिच्या भाकरी नीट थापता येत नसत, कामावर सुकडी वाटत. सासूबाई अहिराणीत सांगतात, आणि सांगताना हात चालू. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘काय लिखी ऱ्हायना रे भाऊ? वाच बरं.’

त्याने वाचलं. तीन ओळी होत्या. आजीला सुकडी मिळायची. आजी खडी फोडायची. ऊन होतं.

‘तसं नही रे भाऊ. पहिले खडी, मंग सुकडी.’

आणि त्याने खोडलं. हा मुलगा, ज्याला शाळेच्या वहीत एक शब्द पुन्हा लिहायला सांगितला तर डोळ्यांत पाणी येतं, त्याने तीन ओळी खोडून पुन्हा लिहिल्या. मग पुन्हा वाचलं. ‘उन्हं कसं व्हतं ते लिख ना,’ सासूबाई म्हणाल्या. तो म्हणाला, कसं होतं? त्या म्हणाल्या, खडीवर हात ठेवला की चटका बसे, म्हणून लुगड्याचा पदर हाताला गुंडाळून खडी उचलायची. तो पदर त्याच्या वहीत आला.

ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्या सासूबाईंनी आज नातवाच्या लिखाणाचं जे संपादन केलं, तसं मी क्वचित पाहिलंय. क्रम लावून घेतला, उगाच आलेलं वाक्य काढायला लावलं, मोघम होतं तिथे तपशील मागितला. मी मधे एकदाही बोलले नाही.

४ डिसेंबर, बुधवार

थोरलीने वही वाचली आणि तिला खटकलं. अर्धं अहिराणी, अर्धं शाळेचं. ‘हे चालत नाही ना पण,’ म्हणाली. यावर जेवताना चांगली चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, आत्ताच दुरुस्त केलं पाहिजे, नाहीतर परीक्षेत हेच लिहील. माझं म्हणणं असं की प्रमाण मराठी त्याला येणारच आहे. पुस्तकांतून येईल, शाळेतून येईल, ऐकून ऐकून कानात बसेल. त्यासाठी मी रोज वाचून दाखवते. पण आजीच्या तोंडचं वाक्य जर मी लाल पेनाने कापलं, तर त्याला कळेल ते एवढंच, की आजीचं बोलणं लिहिण्याच्या लायकीचं नाही. मग तो ते लिहायचं सोडेल, आणि ‘कशातून घेऊ’ विचारायला लागेल.

ठरलं ते असं: या वहीत लाल पेन नाही. जिचं बोलणं आहे तिला खटकलं तरच बदल.

१४ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती

सारंगखेड्याची यात्रा. एकमुखी दत्ताचं दर्शन रांगेत उभं राहून घेतलं आणि मग घोड्यांकडे. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. धाकटा तंबूतंबूपुढे पाट्या वाचत फिरला. घोड्यांची नावं, मालकांची गावं. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश. एका घोडेवाल्याला त्याने त्याच्या घोड्याविषयी इतकं विचारलं की त्या माणसाने त्याला गूळ-हरभऱ्याचा हिशेबही सांगितला. परत येताना एसटीत वही हवी म्हणून भुणभुण. पाठकोऱ्या पावतीवर लिहिलं.

यात्रेत पुस्तकांची दुकानं शोधत होते. आरत्या, पोथ्या, पंचांग मिळालं. लहान मुलांसाठी रंगवायच्या वह्यांपलीकडे काही दिसलं नाही. लाखांनी माणसं येतात, आईबाप मुलांना हवं ते घेऊन देतात त्या दिवशी. तिथे गोष्टीच्या पुस्तकांची एक जरी राहुटी लागली, वीस-तीस रुपयांच्या पुस्तकांची, तर शेव-जिलेबीच्या पुड्याबरोबर पुस्तकही घरी जाईल. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची अशी स्वस्त पुस्तकं मराठीत आहेत. पुढच्या वर्षीसाठी कुणाकुणाला भेटायचं ते मनात धरलंय.

२४ डिसेंबर, मंगळवार

साने गुरुजींच्या जन्माला आज १२५ वर्षं झाली. आपल्या बाजूला गुरुजी म्हणजे अंमळनेर. १९२४ ते १९३० ते तिथे शिक्षक, आणि वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोज. दिवसभर शिकवायचं, मुलांची आजारपणं काढायची, कंदील-खोल्या बघायच्या आणि रात्री बसून दुसऱ्या दिवसाचा अंक लिहायचा. मुलं सकाळी उठून ते वाचायला धावत, कारण त्यात त्यांच्याच जगण्याचं काहीतरी असे. पुढे १९२८ ला त्यांनी ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक काढलं. पण मला ते हाताने लिहिलेलं दैनिकच जास्त मोठं वाटतं.

आणि धुळ्याचा तुरुंग. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी बसून टिपून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय. ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळालं ते असं. जळगावला सोपानदेव, धुळ्याला गुरुजी. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, पाच दिवसांत. त्यातही श्याम रात्री बसून मित्रांना सांगतोच आहे. प्रकरणांना ‘रात्र’ असंच नाव आहे. पुतणी सुधा हिला त्यांनी लिहिलेली पत्रं ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकांत आहेत. एका मुलीला लिहायचं म्हणून इतिहास, फुलं, पाऊस, देशातल्या घडामोडी, सगळं त्यात आलं.

थोरलीला ‘छात्रालय’बद्दल सांगितलं. तिने विचारलं, आपल्या घराचं काढायचं का? रोज नाही जमणार, दर रविवारी. स्वयंपाकघराच्या दाराला लावायचं.

२९ डिसेंबर, रविवार

पहिला अंक लागला. एक मोठा कागद, दोन रकाने. म्हशीला पारडू झालं. विहिरीवरची मोटर जळली, त्यामुळे गव्हाचं पाणी चुकलं. आजीच्या दुष्काळाचा दुसरा भाग, पुढे चालू. धाकट्याने बिबट्याविषयी लिहिलंय आणि शेवटी ‘मी पाहिला नाही’ असं प्रामाणिकपणे घातलंय.

सगळ्यात मोठी गोष्ट ह्यांनी केली. रात्री हातपाय धुऊन आले, पेन मागितला आणि पपईवर सात ओळी लिहिल्या. व्यापाऱ्याने बांधावर काय भाव सांगितला, तोडणीला किती मजूर लागले, झाडावर पिकू दिलं तर काय तोटा. मुलांनी बापाला लिहिताना आजवर बँकेच्या अर्जावर सही करतानाच पाहिलं होतं. दोघंही त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. आईने रोज सांगून जे होत नाही ते बापाने एकदा बसून लिहिल्याने होतं, हे मी इथे नोंदवून ठेवते. आपल्या घरांतून वाचन-लेखन हे बायकांच्या आणि मास्तरांच्या गळ्यात पडलंय.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

शेवटच्या वेचणीला धडगावकडची मंडळी आलीत. त्यांतल्या एका बाईची मुलगी आठेक वर्षांची, बारक्या भावाला सांभाळत बांधावर बसते. दुपारी धाकटा गोष्ट मोठ्याने वाचत होता, ती सरकत सरकत जवळ आली. तिला मराठी थोडं समजतं. चित्रावर बोट ठेवून तिने काहीतरी सांगायला सुरुवात केली, तिच्या बोलीत, आणि मग थांबेना. कोल्हा होता, नदी होती, म्हातारी होती. थोरलीने जसं ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवून घेतलं. वाचून दाखवलं तर पोरीने तीन ठिकाणी हात हलवून ‘नाही’ केलं आणि नीट म्हणवून घेतलं. आजीसारखंच.

याच जिल्ह्यात नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा उभ्या राहिल्या, नव्वदीच्या सुरुवातीला. धरणाच्या पाण्याशी झगडणाऱ्या माणसांनी आपल्या मुलांसाठी काढलेल्या शाळा, जिथे मुलांची बोली वर्गाबाहेर ठेवत नाहीत. त्या शाळांतून शिकून निघालेली पिढी आज कर्ती झालीय. डोंगर उतरून मजुरीला येणाऱ्या या पोरीला मात्र आज इथे शाळा नाही आणि तिथेही नाही. घरच्या घरी मुलांना वाचायला लावण्याविषयी मी इतकं लिहिते, तेव्हा ज्यांना या दिवसांत घरच स्थिर नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. होळीला ही मंडळी आपल्या पाड्यावर परततील. तोपर्यंत रोज दुपारी तासभर आमच्या बांधावर वाचन. तिची गोष्ट रविवारच्या अंकात तिच्या नावाने लागणार. तिची आई म्हणाली, ‘तिचं नाव कागदावर?’ हो.

२८ जानेवारी, मंगळवार

शिक्षणाच्या पाहणीचा ‘असर’ अहवाल आला. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या तिसरीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के. २०२२ ला याहून बरीच कमी होती, म्हणून सुधारणा झाली असं म्हणतात. तरी चारांतली तीन मुलं उरतातच. हा अहवाल मला पटतो तो त्याच्या पद्धतीमुळे. ही पाहणी शाळेत न होता घरोघर होते. कुणीतरी ओट्यावर येऊन बसतं, मुलापुढे एक कागद धरतं आणि ऐकतं. वर्षानुवर्षं शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांचं वाचन असं शेजारी बसून पहिल्यांदा त्या पाहुण्यानेच ऐकलं असेल.

ह्यांना आकडा सांगितला. म्हणाले, गल्लीतली किती मुलं असतील अशी? आम्ही मोजत बसलो नाही. येत्या रविवारी अंक लावण्याआधी सगळ्यांना बोलवायचं, ज्याच्या त्याच्या आजी-आजोबांसकट. आजीने सांगायचं, पोराने लिहायचं. सासूबाई आत्तापासून शेजारणींना तयार करताहेत. शहाद्याहून वह्या आणायच्या आहेत. दोनशेपानी नकोत, बारक्या, लवकर भरून संपतील अशा.